फोल्डर माझा, पण आवाज कोणाचा?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी जे झालं ते आधी सांगते. ते कळल्याशिवाय आज ज्या पेपरबद्दल लिहिते आहे त्याच्यावर मी का भांडते आहे, आणि तरीही तो तुम्ही वाचाच असं का म्हणते आहे, हे लक्षात येणार नाही.

भाच्याला टीव्हीवर कार्टून लावायचं होतं. हॉलमधल्या टीव्हीवर एक प्लेअर आहे. घरच्या वायफायवर जे फोल्डर शेअर केलेले असतील ते सगळे तो यादीत दाखवतो. पोरगं रिमोट घेऊन खाली खाली गेलं, एक फाइल दाबली आणि हॉलमध्ये एका बाईचा आवाज सुरू झाला. बचत गटातून काढलेल्या कर्जाबद्दल ती बोलत होती. नवऱ्याला न सांगता काढलेल्या कर्जाबद्दल. फराळाला वहिनीच्या माहेरच्या काकू आल्या होत्या. चिवड्याची वाटी हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "अगं, ही तर आमच्या गल्लीतली!" आणि त्यांनी नाव घेतलं.

ती माझ्या फिल्डवर्कमधली मुलाखत होती. मी स्वयंपाकघरातून पळत येऊन टीव्ही बंद केला तोवर दीड-दोन मिनिटं गेली होती. संमतीपत्रावर सही घेताना मी त्या ताईंना सांगितलं होतं, "हे रेकॉर्डिंग मी आणि माझे गाईड, एवढेच ऐकणार." माझा शब्द मी मोडला होता, आणि तोही एका शेअर केलेल्या फोल्डरपायी.

त्या रात्री हे झालं कसं ते शोधत बसले. तुमच्यापैकी अनेक जण घरूनच काम करणार आहात, म्हणून जरा नीट सांगते. हॉलमधल्या डेस्कटॉपवर माझं स्वतंत्र अकाउंट होतं, त्याला पासवर्ड होता. म्हणून मी निर्धास्त होते. पण तो पासवर्ड कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाला अडवतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला दुसरं दार असतं. सात-आठ महिन्यांपूर्वी लॅपटॉपवरून काही पीडीएफ आणायच्या होत्या, तेव्हा मी "कामाचं" नावाचा फोल्डर शेअर केला होता आणि यादीतून "एव्हरीवन" निवडलं होतं. पीडीएफ आल्या, शेअरिंग तसंच राहिलं. नंतर त्याच फोल्डरमध्ये "मुलाखती" नावाचा फोल्डर तयार केला. आत तयार होणारा फोल्डर बाहेरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप घेतो, याला इनहेरिटन्स म्हणतात. शब्द मला माहीत होता, पण त्या दिवशी आठवला नाही. वर, टीव्ही सारखा पासवर्ड विचारतो म्हणून दादाने नेटवर्क शेअरिंगचा पासवर्डच बंद करून टाकला होता. म्हणजे वायफायवर असलेलं कोणतंही यंत्र पाहुणा म्हणून आत येऊ शकत होतं.

विंडोजमध्ये फोल्डरला दोन पातळ्यांवर कुलूप असतं. एक शेअर परमिशन, ती फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होते. दुसरी फाइल सिस्टिमची म्हणजे एनटीएफएसची परमिशन, ती सगळ्यांना लागू होते, समोर बसलेल्यालाही. नेटवर्कवरून आलात तर दोन्ही तपासल्या जातात आणि जी जास्त कडक ती चालते. ऐकायला सोपं आहे. पण "आत्ता, या क्षणी, माझी ही फाइल घरात कोण कोण उघडू शकतं?" या साध्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या माणसाला एका नजरेत कुठेच दिसत नाही.

म्हणजे मी वेंधळी आहे हे खरं, पण तेवढंच खरं नाही. २००५ मध्ये रॉय मॅक्सियन आणि रॉबर्ट रीडर यांनी विंडोज एक्सपीची परमिशनची खिडकी आणि त्यांनी स्वतः बनवलेली पर्यायी खिडकी अशी प्रयोगशाळेत तुलना केली. पर्यायी खिडकीचं नाव सॅल्मन. कामाला लागणारी माहिती, म्हणजे अखेरीस कोणाला काय करता येतं हे, तिच्यात समोरच दिसतं. एवढ्या बदलाने काम नीट पार पडण्याचं प्रमाण ३०० टक्क्यांपर्यंत वाढलं आणि एका जातीच्या चुका ९४ टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. माणसं तशाच प्रकारची आणि कामं तीच, बदलली ती खिडकी. "यूजरचीच चूक" असं कोणी म्हणालं की मला हा अभ्यास आठवतो.

पण माझा प्रश्न खिडकीचा नव्हता, घराचा होता. म्हणून मी ज्या पेपरकडे वळले तो २०१० चा. मिशेल माझुरेक आणि सहकाऱ्यांचा, कार्नेगी मेलन विद्यापीठातला, सीएचआय परिषदेत सादर झालेला. नाव "अ‍ॅक्सेस कंट्रोल फॉर होम डेटा शेअरिंग". या मंडळींनी अमेरिकेतल्या १५ घरांत जाऊन ३३ जणांशी बोलून काढलं की घरातली माणसं आपल्या फाइल्स कोणाला दाखवतात, कोणापासून लपवतात, आणि कशा.

आधी पेपरचं मोठेपण सांगते. तोवर सॉफ्टवेअर बनवणारे घराला बहुधा एकच माणूस समजत आले होते. विंडोज एक्सपीच्या होम आवृत्तीत नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण "गेस्ट" म्हणूनच आत यायचा, त्यामुळे अमक्याला दाखव आणि तमक्याला नको, असं नेटवर्कवर करताच येत नव्हतं. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर "होमग्रुप" आला. सगळ्या घराला मिळून एक पासवर्ड. २०१८ मध्ये विंडोज १० मधून तो काढून टाकला. दोन्हींमागचं गृहीत एकच: धोका बाहेर आहे, घर म्हणजे आपलीच माणसं.

या पेपरने ते गृहीत मोडलं. त्यातले मुख्य निष्कर्ष चार. एक, माणसं आपापल्या जुगाडाने फाइल्स जपतात आणि ते जुगाड दर वेळी चालतात असं नाही. दोन, लोकांच्या मनातले नियम गुंतागुंतीचे असतात, फक्त "कोण" आणि "कोणती फाइल" एवढ्यावर ते ठरत नाहीत. आपण शेजारी बसलेलो असताना पाहिलं तर चालेल, आपल्या माघारी नको. घरात चालेल, बाहेरून नको. तीन, सगळे नियम आधीच ठरवून ठेवता येत नाहीत. आणि चार, कुलूप कसं चालतं याबद्दल लोकांच्या डोक्यातलं चित्र आणि यंत्राचा प्रत्यक्ष व्यवहार यांचा मेळ बसत नाही. चौथा मुद्दा वाचताना मला माझाच पासवर्ड दिसला.

रिसर्चची तयारी करताना आपल्याला "लिमिटेशन्स शोधा" असं शिकवतात. मग आपण सॅम्पल लहान आहे, एकाच देशातलं आहे, असं लिहून मोकळे होतो. ही टीका कुठल्याही मुलाखतीच्या अभ्यासावर डोळे मिटून चिकटवता येते, म्हणून तिला फारशी किंमत नाही. ३३ जणांशी सखोल बोलून "असेही नियम असतात" एवढं दाखवता येतं, आणि या पेपरला तेवढंच दाखवायचं होतं. टीका करायची तर प्रश्न कसा विचारला गेला तिथे जाऊन करायला हवी. माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप जुगाडाबद्दलचा. फाइलला भलतंच नाव देणं, फोल्डरच्या आत फोल्डर करून ठेवणं, वापरून झाल्यावर पुसून टाकणं, हे उपाय "दर वेळी चालत नाहीत" असं पेपर म्हणतो. पण चालणं म्हणजे काय? कुलपाचं काम फक्त दार बंद ठेवणं नसतं. कुलूप दिसतं, आणि दिसलं की "आत काय आहे गं?" हा प्रश्न येतो. आमच्याकडे एखाद्या फोल्डरला पासवर्ड घातला तर आई काही बोलणार नाही, पण तिचा चेहरा बोलेल. भलत्या नावाच्या फोल्डरला कोणी काही विचारत नाही.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. नित्या संबाशिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा विषय फोन होता, कॉम्प्युटर नव्हे. फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो, वडीलधारे तो उघडून बघतात आणि त्यात गैर काही मानलं जात नाही, अशा घरांत बायका आपलं खासगीपण कसं राखतात हे त्यांनी पाहिलं. अ‍ॅपला कुलूप लावण्याबरोबरच पुसून टाकणं, काही गोष्टी फोनवर करायच्याच टाळणं, असे उपाय त्यात येतात. त्यांनी डिझाइनसाठी जे सुचवलं त्यात मजकूर लपवण्याची सोय हाही एक मुद्दा आहे. म्हणजे एका पेपरला जिथे कच्चेपणा दिसतो तिथे दुसऱ्याला विचार करून केलेली वागणूक दिसते. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा. तेवढ्यानेही "साहित्य आढावा" म्हणजे नुसती यादी नव्हे हे कळेल.

पण इथे स्वतःलाही सोडता येत नाही. माझ्या घरी लपवाछपवी हरली ती का? कारण टीव्हीला रीतभात कळत नाही. माणूस "कामाचं" असं नाव वाचून पुढे जातो. प्लेअर जे सापडेल ते यादीत मांडतो. लपवणं माणसांपुढे चालतं, यंत्रापुढे नाही. तेव्हा पेपरचा निष्कर्ष चुकीचा नाही, अर्धा आहे. कोणापासून लपवायचं आहे, हे सांगितल्याशिवाय उपाय चालतो की नाही हे ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप परवानगी मागण्याबद्दलचा. सगळं आधी ठरवता येत नाही, तर ऐनवेळी विचारा, अशी ही कल्पना. कोणी फाइल उघडायला गेलं की मालकाकडे विनंती जाईल आणि तो हो किंवा नाही म्हणेल. याच गटाने २०११ मध्ये यावर पुढचा अभ्यास केला. सहभागी लोकांना एक आठवडाभर अशा विनंत्या पाठवल्या आणि ते काय करतात ते पाहिलं. व्यवस्था खरी नव्हती, तिचा आभास होता. त्यांच्या मते पद्धतीचे तोटे आहेत, पण त्यावर मात करता येईल.

इथे मी थांबले. आभासातल्या विनंतीला "नाही" म्हणायला काही लागत नाही. खऱ्या घरात लागतं. समजा सासऱ्यांनी फोल्डर उघडला आणि सुनेच्या फोनवर "परवानगी द्यायची का?" असं आलं. तिने "नाही" दाबलं तर रात्री जेवायच्या ताटावर तो "नाही" वाढलेला असेल. "हो" दाबलं तर ते तिचं खरं मत आहे असं कसं म्हणायचं? आधीच बंद ठेवलेला फोल्डर कोणाचा अपमान करत नाही. तोंडावर दिलेला नकार करतो. निदान माझ्या ओळखीच्या घरांत तरी. त्या अभ्यासाने माणसं बटण दाबतात का, कधी दाबतात, हे मोजलं. बटण दाबल्यानंतर घरात काय होतं, हे खरी व्यवस्था खऱ्या घरात नेल्याशिवाय दिसणार नाही. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

आता तिसरा आक्षेप, माझ्यासाठी सगळ्यात मोठा. या सगळ्या अभ्यासांत प्रश्न फाइलच्या मालकाला विचारला जातो. तुमची ही फाइल कोणी पाहिलेली चालेल? नको त्याने पाहिली तर तुम्हाला किती वाईट वाटेल? उत्तरांवरून त्याचा आदर्श नियम काढला जातो. वरवर यात काहीच चुकीचं नाही.

पण "मुलाखती" या फोल्डरबद्दल मला कोणी दिवाळीआधी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? घरातल्यांनी ऐकलं तर मला किती वाईट वाटेल? खरं सांगते, फार नाही. दादा-वहिनी कुठे ऐकत बसणार आहेत, असंच म्हणाले असते. पाचपैकी दोन वगैरे. माझ्या त्या उत्तरावरून नियम बनवला असता तर तो सैलच बनला असता. आणि तो नियम माझ्या मनासारखा असूनही चुकीचा असता. कारण फाइल माझी होती, पण आवाज त्या ताईंचा होता. नुकसान झालं तर त्यांच्या घरात होणार होतं, आणि त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

घरातल्या फोल्डरमध्ये अशा फाइल्स किती असतात ते बघा. शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या कॉम्प्युटरवर मुलांचे मार्क. डॉक्टरांच्या घरी पेशंटचे रिपोर्ट. वकिलांकडे अशिलांची कागदपत्रं. लग्नाच्या फोटोंत दुसऱ्यांच्या मुली. फाइलचा मालक एक, फाइलमधली माणसं वेगळीच, आणि ती त्या घरात राहतच नाहीत. "घरातल्या माणसांना काय हवं आहे" एवढाच प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासात ती येणार कुठून? पेपरमधल्या मंडळींनी निष्काळजीपणा केला असं मला म्हणायचं नाही. त्यांनी घरातल्या माणसांना मध्यभागी ठेवलं, तेव्हा ती गरजच होती. पण ज्याला आपण मध्यभागी ठेवतो त्याच्या पाठीमागचं आपल्याला दिसत नाही, ही पद्धतीची किंमत आहे. ती तुमच्या अभ्यासातही असेल. सिनॉप्सिस लिहिताना एकदा स्वतःला विचारा: मी प्रश्न कोणाला विचारते आहे, आणि उत्तराची झळ कोणाला बसणार आहे? दोन्ही माणसं एकच आहेत का?

१९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातली माहिती जपण्याची आठ तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं की मुळात सगळं बंद असावं, आणि कारण असेल तेवढंच उघडावं. दुसरं असं की सुरक्षेची व्यवस्था माणसाला सहज वापरता येईल, त्याच्या मनातल्या चित्राशी जुळेल अशी असावी. घराबद्दलचं संशोधन मला दुसऱ्या तत्त्वाकडे झुकलेलं दिसतं: माणसाच्या मनासारखं करा. स्वतःच्या फोटोंसाठी ते ठीक आहे. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीसाठी पहिलं तत्त्व लागतं, मग ते आपल्या मनाला कितीही गैरसोयीचं असो.

म्हणून फिल्डवर्कला निघण्यापूर्वी एवढं करा. मुलाखती शेअर केलेल्या फोल्डरच्या आत कधीच ठेवू नका. नंतर परवानग्या बदलू असं म्हणून तर मुळीच नाही. घरच्यांना फोटो-सिनेमे हवेत तर त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर करा आणि तेवढाच शेअर करा. "एव्हरीवन" काढून नावानिशी माणसं घाला, आणि नुसतं बघायचं असेल तर बदल करण्याची परवानगी देऊ नका. नेटवर्क शेअरिंगचा पासवर्ड चालू ठेवा, टीव्ही कुरकुरला तरी. शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह घातलं की तो यादीत दिसत नाही, पण नाव माहीत असलेल्याला उघडतो. ते लपवणं आहे, कुलूप नाही. मुलाखतींचा फोल्डर एन्क्रिप्ट करा. आणि सगळं झालं की घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून, पाहुण्याच्या फोनवरून, टीव्हीवरून स्वतः आत शिरायचा प्रयत्न करून बघा. सेटिंगच्या खिडकीत काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता.

आता त्या ताईंचं. काकूंना मी त्याच दिवशी हात जोडून विनंती केली. त्यांनी "नाही बाई सांगणार कुणाला" असं म्हटलं, आणि त्या शब्द पाळतील असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे खात्री नव्हे. गाईडना दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "त्यांना सांगायला तू स्वतः जा." गेले. अंगणात बसून सगळं सांगितलं, टीव्ही, काकू, दीड-दोन मिनिटं, सगळं. ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पुसून टाक." त्यांच्यासमोर मोबाईलवरची प्रत पुसली, घरी येऊन उरलेल्या पुसल्या, आणि पुसल्याचं फोन करून सांगितलं.

माझ्या प्रबंधात आता एक मुलाखत कमी आहे, आणि ती सगळ्यात चांगली मुलाखत होती. पेपर जरूर वाचा. वाचताना त्यातल्या ३३ जणांबरोबर आणखी एक माणूस मनात धरा, जो त्या घरात राहत नाही पण ज्याचा आवाज तिथल्या फोल्डरमध्ये आहे.